विरजण लागेपर्यंत

कारागांदा, १२ नोव्हेंबर १९९५

वाल्देमार, लेका,

गुरंढोरं, पोरंबाळं, सगळी सुखरूप ना? पत्राची सुरुवात अशीच करायची असते म्हणून केली. लिहिल्यावर लक्षात आलं की तुझी गुरंढोरं तर माझ्याच घरात आहेत, तेव्हा त्यांची खुशाली मीच तुला कळवायला हवी. तर ऐक, तुझी सगळी गुरं सुखरूप आहेत.

तुझी माशांची टाकी आम्ही टीव्हीच्या जागेवर ठेवली. टीव्ही खिडकीत गेला. बातिमा आधी कुरकुरली, घराची पार रया गेली म्हणाली, आणि आता संध्याकाळी खुर्ची टाकीकडेच वळवून बसते. टीव्हीवर पगार कधी मिळणार याचीच भाषणं. त्यापेक्षा मासे बरे, म्हणते, निदान थापा मारत नाहीत. तलवारीसारख्या शेपटीचे ते लाल मासे दिवसभर एकमेकांच्या मागे धावतात. आणि तुझ्या एम्मानं जिचं नाव मास्तरीण ठेवलं होतं, ती चपटी पट्टेवाली, काचेला तोंड लावून माझ्याकडे असं काही बघते की मला वाटतं, आपला गृहपाठ राहिलाय.

जिन्यासमोरच्या तुझ्या घरात नवं बिऱ्हाड आलंय. गावाकडची माणसं आहेत, चांगली आहेत. दार हिरवं रंगवलं. मी दोनदा चुकून तेच दार ठोकलं. हाताची सवय रे. बाई बाहेर आली, मी म्हटलं, काही नाही, मीठ आहे का? आता आमच्याकडे मीठच मीठ झालंय.

तुझी आठवण येते. झालं, लिहून टाकलं. यावरून चिडवू नकोस. कुर्दास आहोत आपण, एकाच वर्षी जन्मलेले, एकमेकांना चिडवायचा हक्क आपल्याला जन्मानंच मिळालाय. पण एवढं एक सोडून चिडव.

आता कामाचं. कोपऱ्यातल्या त्या फिल्टरच्या डब्यातून बुडबुडे पूर्वी कसे धो धो यायचे, ते आता मेल्यासारखे येतात. बातिमा म्हणते, सगळं बाहेर काढून स्वच्छ धुऊन टाकू. मी म्हटलं, थांब, मालकाला विचारू. फोन करू नकोस. खाणीनं माझे कान खाल्लेत, तुला ठाऊक आहे, तू ओरडतोस आणि मी नुसता हो हो म्हणतो. पत्रच लिही. तुझं कझाक मला वाचता येतं, अक्षर मात्र कोंबडीचे पाय.

तुझा तोलेगेन


विक्टरचं घर, जर्मनी
३ डिसेंबर १९९५

तोलेगेन,

आधी बातिमाला सांग, हात लावायचा नाही. मग चष्मा लाव आणि पुढचं वाच.

डब्यात तीन गोष्टी आहेत. वर काळा स्पंज, मध्ये एम्माच्या जुन्या नायलॉनच्या मोज्यात भरलेले भाजक्या मातीचे खडे, तळाला लाकडी कोळसा. बुडबुडे मंदावले म्हणजे स्पंज गच्च भरलाय. टाकीतलंच पाणी बादलीत काढ, त्यात स्पंज दोन-तीनदा पीळ आणि परत जागेवर बसव. नळाखाली धरू नकोस, नळाच्या पाण्यात औषध असतं. पांढराशुभ्र करायच्या भानगडीत पडू नकोस, तो तपकिरीच चांगला. मोज्याला यंदा हात लावू नकोस. कोळसा काढून फेकून दे, तो केव्हाच दमलाय. त्याच्या जागी आणखी खडे भर. बांधकामावर मिळतात तेच, वाटाण्याएवढे निवड, आधी उकळ, आणि पाण्यात बुडतील तेवढेच घे.

त्या तपकिरी चिकट थरातच सगळा जीव आहे. डोळ्यांना न दिसणारे जीव, माशांची घाण तेच खातात, म्हणून पाणी पाणी राहतं. बातिमा कातिकाला विरजण लावते तेव्हा जुन्यातलं चमचाभर बाजूला ठेवते ना? तसंच. नवं घालायचं ते जुन्याच्या शेजारी घालायचं, म्हणजे जुन्याचं नव्याला लागतं. सगळं एकदम नवं केलं की पाणी नासतं. हे तिला तिच्या भाषेत सांग, ती तुझ्याआधी समजेल.

मी निघताना त्या काळ्या स्पंजाचा कोपरा कापून घेतला होता, आठवतं? लोणच्याच्या बरणीत, बोटभर पाण्यात. सबंध प्रवासभर ती बरणी मांडीवर होती. विमानतळावरच्या पोरीनं विचारलं, हे काय? मी म्हटलं, घरचं विरजण. विक्टरनं तिला भलतंच काहीतरी सांगितलं आणि मला पुढे ढकललं.

विक्टर पोरगा चांगला आहे. आल्याबरोबर त्यानं मला मोठी टाकी घेऊन दिली. दुकानात फिल्टरमध्ये भरायच्या मालाची अख्खी भिंत आहे, तोलेगेन. पांढऱ्या नळ्या, काचेचे मणी, निळे स्पंज, हिरवे स्पंज, कापसाच्या गाद्या. प्रत्येक पुडक्यावर छापलंय, दर महिन्याला बदला. दुकानदाराला विचारलं, खरंच बदलायचं? तो हो म्हणाला. तो बिचारा दुसरं काय म्हणणार? मी सगळ्यांत मोठ्या छिद्रांचा साधा निळा स्पंज घेतला आणि आपला काळा तुकडा दोऱ्यानं त्याला बांधून टाकला. हळूहळू निळाही तपकिरी झाला. इथं आल्यापासून तेवढं एकच काम माझ्या हातून धड झालंय.

बाकी सगळं आहे. पाणी चोवीस तास गरम, दिवे जात नाहीत. दार मात्र कोणी ठोकत नाही. यायचं असेल तर आधी फोन करतात, मग केक आणतात, मग घड्याळ बघतात. तिकडे मी जर्मन होतो. इथं बेकरीतली बाई मला रशियन आजोबा म्हणते. मी तिला काही समजावून सांगत नाही, पाव घेतो आणि येतो.

एम्माकडे जाऊन आलास का? तिच्या कबरीच्या कुंपणाची खिळी सैल झाली होती.

वाल्देमार


कारागांदा, १४ जानेवारी १९९६

वाल्देमार,

तू सांगितलंस तसं केलं. कोळसा फेकायला खाली गेलो तर अख्खी आळी बघायला लागली. सगळं शहर कोळशावर बसलंय, तरी घर तापवायच्या नळ्या थंडगार, चुलीला ढेकूळ मिळत नाही, आणि हा म्हातारा बशीभर कोळसा उकिरड्यावर टाकतोय! खालच्या मजल्यावरच्या म्हातारीनं तो उचलून नेला. माशांनी चोखलेला कोळसा पेटतो की नाही ते तिला विचारून कळवतो.

स्पंज पिळल्यावर बुडबुडे पुन्हा धो धो. पण तेवढ्यात दिवे जायला लागले. दिवसातून दोनदा, कधी कधी दुपारभर. पंप बंद, बुडबुडे बंद. मग मी आणि बातिमा आळीपाळीनं स्टुलावर बसतो आणि कुमीस घोळवतात तसं ओगराळ्यानं टाकीतलं पाणी वर उचलून त्या स्पंजावर धार धरतो. माझी आई जिवंत असती तर म्हणाली असती, सात पिढ्या घोडीचं दूध घोळवलं आणि तू आता माशांचं पाणी घोळवतोस! टाकीला सगळीकडून नमदा गुंडाळलाय. गरम पाण्याच्या बाटल्या आत सोडतो. आम्ही दोघं कोट घालून झोपतो, पण मास्तरीण उबेत असते.

एम्माकडे गेलो होतो. कमरेएवढं बर्फ. वाट खणून काढली, खिळी ठोकली, दगडावरचं नाव पुसलं. बातिमा दर शुक्रवारी आपल्या मेलेल्यांच्या नावानं सात पोळ्या तळते, त्यात एक आता एम्माची धरते. मी म्हटलं, अगं ती चर्चमधली, तिला आपल्या तळणीचा वास पोचेल का? तर म्हणाली, मेलेल्या माणसाच्या नाकाला धर्म नसतो, तुम्ही गुपचूप खा. मी खाल्ली.

वाल्देमार, उन्हाळ्यात ये. हे मी चिडवायला लिहीत नाही. पाहुणा म्हणून ये, राहा, मग जा. तुझ्या वाटणीची खुर्ची आहे. सारखं मनात येतं की आपल्याला आता फार उन्हाळे नाहीत.

तोलेगेन


विक्टरचं घर, जर्मनी
६ फेब्रुवारी १९९६

तोलेगेन,

तुझं पत्र मी विक्टरला वाचून दाखवलं, खिळीचं आणि पोळीचं. त्याला आपली भाषा येत नाही, शहरात वाढला तो, म्हणून वाक्यागणिक उलटवून सांगत होतो. पोळीचं आलं तसा तो उठून खिडकीपाशी गेला.

मग मी विचारलं, उन्हाळ्यात जाऊन येऊ का? तो म्हणाला, पप्पा, तुमचं हृदय, तो प्रवास, तिकडचे दवाखाने. सगळं खरंच आहे. मी म्हटलं, तरी. मग तो माझ्या शेजारी बसून, अगदी हळू, म्हणाला, "पप्पा, घर विकलं. आई गेली. तिथं तुमचं आता आहे काय?"

 तुझं नाव घेतलं असतं, तर म्हणाला असता, काकांना इकडे बोलवा, तिकीट मी काढतो. आणि तू येणार नाहीस, तुला गवताच्या वासाशिवाय झोप लागत नाही. एम्माचं नाव घेतलं असतं, तर म्हणाला असता, आई दगडाखाली नाही, इथं आपल्याबरोबर आहे. ही माणसं असंच बोलतात आता. मी उठून टाकीपाशी गेलो. त्याला वाटलं, मला पटलं.

युद्धात जर्मन म्हणून घरातून काढलं आणि आम्हाला आगगाडीतून तिथल्या माळावर उतरवून दिलं होतं, आठवतं? तुझी आई आली, माझ्या आईचा हात धरला आणि घरी घेऊन गेली. तू आणि मी सबंध हिवाळा एका नमद्याखाली झोपलो, तू रात्रभर लाथा मारायचास. अकरा वर्षांचे होतो आपण. हे विक्टरला ठाऊक आहे. पण ठाऊक असणं निराळं. तिथं माझं काय आहे, हे मला हातात धरून दाखवता येत नाही.

असो. टाकीचं लिहितो. ऊन आलं की मोज्यातले अर्धे खडे बदल. अर्धेच. उरलेले अर्धे तसेच राहू देत, धुवायचेही नाहीत. स्पंजाला त्याच दिवशी हात लावायचा नाही, महिनाभरानं लाव. एक दमलं की दुसरं सांभाळून घेतं, दोन्ही एकदम दमवायची नाहीत.

वाल्देमार


कारागांदा, १ एप्रिल १९९६

वाल्देमार कुर्दासा,

नवरोज झाला. सात जिनसांचं कोझे झालं, शेजारपाजारच्या सगळ्यांनी खाल्लं, हिरव्या दारातल्या बाईनं दोन वाडगे खाल्ले आणि तिच्या पोरांनी आमच्या उशा फाडल्या. तुझा वाडगा बातिमानं भरून ठेवला होता. संध्याकाळी मीच तो संपवला, अन्न टाकू नये.

सगळं छान आहे. बर्फ वितळलं, जिन्यात चिखल. मी बरा आहे. बातिमा बरी आहे, जरा गप्प असते. नवरोजाच्या आधी घर कसं उलथंपालथं करतात ते तुला ठाऊकच आहे. घाण घरात नवं वर्ष शिरलं की वर्षभर दुखणं हलत नाही. तेव्हा तिनं गालिचे झोडपले, पडदे धुतले, भांड्यांचे तळ घासले, वर्षानुवर्षं कोणी हात न लावलेल्या वस्तूसुद्धा धुऊन काढल्या. मी घरात नव्हतो त्या दिवशी, पेन्शनच्या रांगेत होतो.

बरं, एक विचारायचं होतं, सहज. माझ्या ओळखीचा एक माणूस आहे, आपल्याच खाणीतला, तू त्याला ओळखत नाहीस. त्याच्याकडेही माशांची टाकी आहे. त्याचं पाणी एकाएकी दुधासारखं पांढरं झालंय. मासे वर येऊन तोंड उघडझाप करतात. त्याचे दोन लाल मासे गेले. त्याला वाटतं, पाण्याला थंडी बाधली असेल. तुझं काय मत? बिचारा फार काळजीत आहे. त्याच्याकडे एक जुना मासा आहे, तो कोणाची तरी आठवण आहे म्हणे.

तोलेगेन


विक्टरचं घर, जर्मनी
१९ एप्रिल १९९६

तोलेगेन,

आपल्या खाणीत मी ओळखत नाही असा एकही माणूस नाही. तेव्हा तुझ्या त्या ओळखीच्या माणसाला सांग की त्याच्या बायकोचं नाव बातिमा आहे, आणि तिनं नवरोजाच्या आदल्या दिवशी स्पंज, खडे, मोजा, सगळं उकळत्या पाण्यात घालून कपड्यांच्या तपकिरी साबणानं घासून काढलं. पांढरंशुभ्र केलं असेल. तिचा हात मला ठाऊक आहे.

तिच्यावर ओरडू नकोस. ओरडला असशील तर माफी माग. तिनं घर स्वच्छ केलं, तिच्या आईनं शिकवलं तसं. आपणच तिला नीट सांगितलं नाही. मी तुला सांगितलं, आणि तू तुझ्या कानांनी ऐकलंस.

आता हे कर. खाणं जवळजवळ बंद, दिवसाआड चिमूटभर. रोज तिसरा हिस्सा पाणी काढून नवं घाल. नवं पाणी आदल्या दिवशी बादलीत भरून उघडं ठेवलेलं असू दे. स्पंज आणि खडे डब्यातच राहू देत, पंप चालू ठेव, आणि आता कशालाही हात लावू नका. बाजारातल्या कोणाच्या टाकीतला स्पंज आणून घालू नकोस, त्याच्याबरोबर रोग येतो.

पण विरजण गेलं, तोलेगेन. ते आता इथं आहे, माझ्याकडे, त्याच स्पंजाचा कापलेला कोपरा. त्याच घरचं. पोस्टानं पाठवायची सोय नाही, पार्सलात वाळून मरेल. तो कोणीतरी हातानंच न्यायला हवा, ओला, मांडीवर.

काल जेवताना तुझं पत्र विक्टरला वाचून दाखवलं. तो ओळखीचा माणूस कोण, तेही सांगितलं. तो हसला. मग मी म्हटलं, "तू विचारत होतास ना, तिथं माझं काय आहे? आहे. आणि मरायला टेकलंय."

तो हसायचा थांबला. सून त्याच्याकडे बघत होती.  मग विक्टरनं विचारलं, आईची ती मास्तरीण का? मी म्हटलं, तीच. तो म्हणाला, डॉक्टरांना विचारून बघू.

पाणी कसं आहे ते कळव. लगेच कळव. विक्टर पेटीत पत्र आलं का बघतो.

वाल्देमार


कारागांदा, ८ मे १९९६

वाल्देमार,

पाणी वाईट आहे. फारच वाईट. दुधासारखं. काल तर ताकासारखं होतं. मास्तरीण एका कुशीवर पडून असते, अधूनमधून माझ्याकडे बघते आणि मला तिच्या डोळ्यांत बघवत नाही. तू सांगितलंस ते सगळं करतोय, कशाचाही उपयोग नाही. विरजणाशिवाय हे काही होणार नाही, माझी खात्री आहे. बाजारातला मासेवालाही हेच म्हणतो.

लवकर ये. डॉक्टर काय म्हणाले? त्यांना सांग, आपल्याकडची हवा हृदयाला चांगली. कोळशाची धूळ फुप्फुसात जाते, हृदयात जात नाही.

बातिमाची माफी मागितली. तिनं अजून दिलेली नाही.

तोलेगेन


कारागांदा, ११ मे १९९६

वाल्देमार भाऊजी,

मी बातिमा. इतक्या वर्षांत तुम्हाला पत्र लिहायची वेळ आली नाही, दार उघडलं की तुम्ही समोर. म्हणून कसं लिहितात ते मला ठाऊक नाही. चुकलं तर हसू नका.

स्पंज मीच धुतला. उकळत्या पाण्यातून काढला, साबण लावला, तीनदा खळबळून घेतला. असा निघाला होता भाऊजी, की त्यानं बाळाचं तोंड पुसावं. मनात म्हटलं, एम्माच्या टाकीला नवरोजाला मळका स्पंज कसा ठेवायचा? तिचं घर किती लख्ख असायचं. आणि चौथ्या दिवशी ते लाल मासे पाठीवर. मी त्यांना झाडाखाली पुरलं.  तुमचे हे ओरडले नाहीत, नुसते टाकीसमोर स्टूल ओढून बसले, ते ओरडण्यापेक्षा वाईट होतं.

पण आता खरं सांगते. पाणी निवळलंय. चार दिवस झाले. तुमचं पत्र आलं तसं मी सगळं केलं, यांना हातसुद्धा लावू दिला नाही. आधी पांढरेपणा कमी झाला, मग एका सकाळी पलीकडची भिंत दिसली, भिंतीवरचं कॅलेंडर वाचता आलं. स्पंजानं पुन्हा तपकिरी रंग धरलाय. मास्तरीण खाते. काल माझ्या बोटाजवळ आली.

यांनी तुम्हाला काय लिहिलं ते मला ठाऊक आहे. पाकीट चिकटवायच्या आधी मी वाचलं. मी म्हटलं, हे खोटं का लिहिता? म्हणाले, निवळलं म्हणून कळवलं तर तो येणारच नाही, पोरगा सोडणारच नाही. आणि मग स्वयंपाकघरात जाऊन बसले. भाऊजी, ते रोज त्या हिरव्या दारासमोर जरासे थांबतात आणि मग जिना उतरतात. रोज. कान गेलेत म्हणून त्यांना वाटतं, मलाही ऐकू येत नसेल.

पण तुमचं हृदय नाजूक. माशांसाठी एवढा प्रवास करून आलात, आणि येऊन बघता तर मासे ठणठणीत, वर वाटेत तुम्हाला काही झालं, तर मी एम्माला तोंड कसं दाखवू? म्हणून यांना न सांगता लिहिते. मासे चांगले आहेत. त्यांच्यासाठी येऊ नका. यायचं तर स्वतःसाठी या, नाहीतर तिथंच सुखी राहा. आम्ही पोळी तळत राहू.

उत्तर लिहिलंत तर माझ्या बहिणीच्या पत्त्यावर लिहा, मागे दिला आहे.

बातिमा


विक्टरचं घर, जर्मनी
२ जून १९९६

बातिमा,

तुझं आणि तोलेगेनचं पत्र एकाच दिवशी आलं. विक्टरनंच दोन्ही पेटीतून आणली. जिन्यातूनच त्यानं विचारलं, पप्पा, पाणी कसं आहे? आपली भाषा त्याला कळत नाही, हे किती बरं झालं ते मला त्या दिवशी कळलं. मी आधी तोलेगेनचं उघडलं आणि उलटवून मोठ्यानं वाचून दाखवलं. दुधासारखं, ताकासारखं, एका कुशीवर. तुझं मग माझ्या खोलीत, दार लावून वाचलं. ते माझ्या खिशात आहे.

रडू नकोस. आता ऐक. ज्यानं जन्मभर मासे पाळलेत त्याला हे ठाऊक असतं की खाणं कमी ठेवलं, पाणी बदलत राहिलं आणि कोणी मध्येमध्ये हात घातला नाही, तर स्पंजाला आपोआप पुन्हा जीव धरतो. महिना लागो, दीड महिना लागो. विरजणानं लवकर होतं, एवढंच. एप्रिलमध्ये मी तोलेगेनला पत्र लिहिलं तेव्हाच मला ठाऊक होतं की मी पोचेपर्यंत तुमचं पाणी निवळलेलं असेल. हे मी त्याला लिहिलं नाही. विक्टरलाही सांगितलं नाही. तुझा नवरा खोटं लिहितो म्हणतेस, तर त्याचा कुर्दास कोण आहे ते विसरू नकोस.

लाल माशांचं मात्र खरंच वाईट वाटलं. पण ते तुझ्यामुळे गेले असं एम्मा म्हणाली नसती. तिनं पहिल्या वर्षी टाकीत गुलाबी साबणाची वडी टाकली होती, वास यावा म्हणून. तिनं मला हे कोणाला सांगू दिलं नव्हतं. आता ती रागावणार नाही असं वाटतं.

डॉक्टरांनी हो म्हटलं. पूर्ण हो नाही, खांदे उडवून म्हटलेलं हो. व्हिसाचा शिक्का मिळाला, तिकीट काढलं, विक्टरनंच काढलं. मी पंचवीस जूनला पोचतोय. तोलेगेनला एवढं सांग की मी येतोय हे बहिणीकडून कळलं, नाहीतर काहीही सांग, तू सांगशील ते तो ऐकेल. पण पाण्याचं मला ठाऊक आहे, हे सांगू नकोस. मी दारातून आत येईन, टाकीकडे बघीन आणि म्हणीन, अरेरे, फारच वाईट स्थिती आहे. त्याचं तोंड बघायची मला फार इच्छा आहे.

एक काम कर. त्या दिवशी हिरव्या दारातल्या बाईला जेवायला बोलाव. मला तिचं घर आतून बघायचं नाही, फक्त तिला मीठ परत करायचं आहे.

बरणी खिडकीत ठेवली आहे. झाकणाला भोकं विक्टरनं पाडली. तुकड्याला हवा लागते, हे मी त्याला कधीतरी सांगितलं होतं, त्याच्या लक्षात राहिलं. निळ्या स्पंजात आपला तो काळा तुकडा आता ओळखूसुद्धा येत नव्हता, सगळं एकाच रंगाचं झालं होतं. दोऱ्यामुळे सापडला. अर्धा कापून घेतला, अर्धा इथं ठेवला, विक्टरची पोरं त्याच्यावर लक्ष ठेवणार आहेत. नळाखाली धरायचा नाही, हे त्यांच्याकडून पाठ करून घेतलंय.

काल रात्री जेवणानंतर विक्टर बरणी हातात धरून दिव्यासमोर बघत बसला होता. मग त्यानं विचारलं, परतीचं तिकीट कोणत्या तारखेचं काढू? मी त्याला म्हटलं, ते आत्ता कसं सांगणार बाबा, विरजण लागेपर्यंत थांबावं लागेल.

त्यानं झाकण घट्ट केलं. मग बरणी हळूच खिडकीत ठेवली आणि म्हणाला, बरं.

तुझा
वाल्देमार भाऊजी